मळवट भरलेली खुर्ची

दसऱ्यानंतर सोलापुराहून ट्रकने आलेला पांढरा सोफासेट चैत्र संपत आला तरी तसाच पांढरा होता, आणि त्याचे मुख्य कारण असे की घरातले एकही माणूस अद्याप त्यावर बसलेले नव्हते. घरची माणसे समोर सतरंजीवर बसत, सोफ्याकडे तोंड करून, गुडघे जवळ घेऊन. जणू सोफाच पाहुणा आलेला असावा आणि त्याचा चहा अजून व्हायचा असावा.

फर्निचर पांढरे असावे हे हिंमतरावांना मुंबईत सुचले होते. नियोजित सहकारी साखर कारखान्याच्या परवानगीसाठी जे शिष्टमंडळ गेले, त्यात ते होते. मंत्र्यांच्या दिवाणखान्यात लाकडाला पांढरा रंग होता, गाद्यांना पांढऱ्या खोळी होत्या आणि खिडकीबाहेर समुद्र होता. हिंमतरावांच्या बोरगव्हाणच्या बंगल्याबाहेर नळदुर्गकडे जाणारा दुष्काळी कामाचा रस्ता होता. त्यावर दिवसभर माणसे खडी फोडत, मुरूम पसरत. हा फरक त्यांच्या ध्यानात आला नाही, कारण त्या वेळी ते फक्त खुर्च्या पाहत होते.

कारखान्याचेही काहीसे तसेच होते. तालुक्यात उसाचे टिपरू औषधाला उरले नव्हते, विहिरींच्या तळाशी पोरे गोट्या खेळत होती. हिंमतरावांचे म्हणणे असे की पाऊस आज ना उद्या येणारच, मग त्या वेळी कारखाना उभा नसला तर ऊस न्यायचा कुठे? या युक्तिवादात दोष काढता येत नव्हता. त्यात फक्त पाऊस गृहीत धरलेला होता.

सोफा सांभाळायचे काम सुनेकडे आले. प्रेमा सोलापूरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती, आणि हे हिंमतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत. त्या पदवीचे करायचे काय, हा प्रश्न मात्र सोफा येईपर्यंत अनुत्तरित होता. तो आल्यावर हिंमतरावांनी एवढेच म्हटले होते, की डाग-बिग तुम्हा शिकलेल्यांना कळतो.

आणि तिला खरोखरच कळत होता. पांढरा तैलरंग अंधारात पिवळा पडतो. खिडक्या लावल्या तर धूळ थांबे पण रंग विटे. उघडल्या तर उजेड येई, आणि उजेडाबरोबर रस्ता येई. म्हणून ती पहाटे, खडीवरची माणसे यायच्या आत, खिडक्या उघडी आणि पहिला हातोडा वाजला की लावून घेई. डोक्याला चपचपून तेल लावलेल्या पाहुण्यांनी पाठ टेकली की त्या जागी संगजिऱ्याची पूड दाबून ठेवी. पूड तेल पिऊन घेई आणि मग हलक्या ब्रशाने झटकता येई. लाकडावरच्या वंगणाच्या बोटांसाठी तिने कपाटात धुण्याच्या सोड्याच्या पाण्याची एक बाटली भरून ठेवली होती. ओल्या फडक्याने धूळ पुसायची नाही, कारण ओली धूळ म्हणजे चिखल, हा नियम तिने सगळ्यांना सांगितला होता आणि तो कोणी पाळत नव्हते. खोळी धुवायला टँकरचे पाणी लागे. त्या घागरींकडे बघून सासूबाई, पुतळाबाई, एकदाच म्हणाल्या होत्या, "म्हस निदान दूध तरी देती."

नळदुर्गच्या हायस्कुलात विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा निघाली, तेव्हा प्रेमाने सासऱ्यांना विचारले. विचारण्यापूर्वी तिने सहा दिवस शब्दांची जुळवाजुळव केली होती. ती वाया गेली. हिंमतरावांनी नाही म्हटले नाही. कारखान्याचा मुख्य प्रवर्तक, म्हणजे उद्याचा चेअरमन, कोण हे ठरवायला नानासाहेब स्वतः बंगल्यावर येणार होते. तालुक्याच्या राजकारणात नानासाहेबांनी मान हलवली की मग मतदान होई, ते सुद्धा रीत म्हणून. हिंमतरावांनी सांगितले की नानासाहेब येऊन जाईपर्यंत सोफ्याला बोट लागता कामा नये. ते गेले की नोकरीचे बघू. तोवर शाळेत जाऊन नुसते भेटून यायला हरकत नाही. हेडमास्तर बनसोडे, त्यांच्या हाताखाली आपली सून, यावर ते थोडा वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. दलितांच्या उद्धारावर त्यांचे एक चांगले भाषण होते, पण ते भाषण त्या वेळी त्यांच्या जवळ नसावे.

म्हणजे प्रेमाची नोकरी आणि सोफ्याचा पांढरेपणा ही दोन वेगळी प्रकरणे राहिली नव्हती. हे तिच्या लक्षात होते. नानासाहेब मंगळवारी उन्हे कलल्यावर येणार होते, आणि हेडमास्तरांनी भेटीला बोलावले तेही मंगळवारीच, सकाळी. तिने पहाटे उठून एकेक खोळ ताणून बसवली, सगळ्यांना बजावले, आणि एस.टी.ने नळदुर्गला गेली. बनसोडे सरांनी तिला दोन प्रश्न विचारले आणि प्रयोगशाळा दाखवली: एक कपाट, त्यात तीन परीक्षानळ्या आणि एक मेलेली पाल. त्यांनी विचारले, "चालेल?" ती म्हणाली, "चालेल." सोमवारपर्यंत घरचा होकार कळवायचा होता.

ती दुपारी परतली तेव्हा दिवाणखान्याच्या दारात चपलांचा ढीग होता. आत सगळे घर जमलेले होते आणि कोणी बोलत नव्हते. त्या घरात ही गोष्ट सहसा मयताच्या वेळीच घडे.

"चपला भाईरच काढ," पुतळाबाई म्हणाल्या. "आन लांबूनच पाया पड."

मधली मोठी खुर्ची, जिच्यावर संध्याकाळी हिंमतराव बसणार होते, तिच्या पाठीवर वरच्या बाजूला तळहाताएवढा आडवा पट्टा होता. रंग रक्तासारखा तांबडा. पांढऱ्या खोळीवर तो असा उठून दिसत होता की प्रेमाच्या मनात पहिला विचार आला तो कोणाला लागले आहे का, असा. आणि दुसरा, नोकरी गेली.

तिने मग एकेकाला विचारले. तिची विचारण्याची पद्धत सासरी नेहमीच थोडी टोचे, कारण ती आधी काय झाले, नंतर काय झाले, एवढेच विचारी. का झाले याबद्दल कोणाचे मत मागत नसे. हळूहळू उलगडले ते असे.

सोफा दसऱ्यानंतर आला, त्यामुळे त्याची पूजा झालेली नव्हती. त्या घरात ट्रॅक्टरची पूजा झाली होती, पाण्याच्या इंजिनाची झाली होती, पिठाच्या गिरणीची झाली होती. आणि आज जिच्यावर बसून मालक चेअरमन व्हायचे ती खुर्ची तेवढी कोरी. पुतळाबाईंना हे सकाळी आठवले. त्यांनी आंघोळ केली, तुळजापूरच्या दिशेला हात जोडले आणि खुर्चीच्या कपाळी मळवट भरला. देवीला भरतात तसाच, पण एका फरकाने.

"कुंकू लावलंत का, आत्याबाई?"

"न्हाय गं. कुंकू निघत न्हाय म्हून तूच सांगितलंवतंस. निस्ती हळद लावली, पान्यात कालवून." त्यांनी आवाज खाली आणला. "म्हून तर म्हनते. म्या हळद लावली. कुंकू तिनं सोता लावून घेतलं."

सोफ्याची काळजी घेतली गेली होती, हे प्रेमाला मान्य करावे लागले. तिनेच घालून दिलेल्या नियमाचे पालन झाले होते, आणि चमत्कार त्या पालनातून निघाला होता.

हळद आणि तांबडा पट्टा यांच्या मधला दुवा द्वारकाबाईंकडे होता. द्वारकाबाई म्हणजे हिंमतरावांचे धाकटे भाऊ बब्रुवान यांच्या पत्नी, प्रेमाच्या चुलत सासू. हळदीचा ओघळ खाली सरकताना त्यांनी पाहिला. सून आली की आकांत करील म्हणून कपाटातली बाटली काढली, बोळा भिजवला आणि पुसायला गेल्या. बोळा टेकला तेवढ्यात पिवळे होते ते तांबडे झाले. बोळा त्यांच्या हातातून पडला तो अजून तिथेच पडलेला होता, आणि त्याला ओलांडून जायचे धाडस कोणी केले नव्हते.

हळदीच्या अंगाची लुगडी साबणाने धुताना पाणी लाल होते, हे त्या घरातल्या प्रत्येक बाईने लहानपणापासून पाहिलेले होते. ओढ्याच्या दगडावर ते दिसले असते तर कोणी मान वर करून बघितले नसते. पण दगड वेगळा आणि सोलापूरचा सोफा वेगळा. जी गोष्ट घरात कोणी शिवत नाही, तिच्यावर घडलेले काहीही साधे वाटत नाही. आणि हा सोफा घरातल्यांनी गेले सहा महिने, देवघरापेक्षाही जास्त, शिवायचा टाळला होता.

प्रेमा येण्यापूर्वीच अर्थ लावून झाले होते आणि प्रत्येकाने आपल्या सोयीचा घेतला होता. पुतळाबाईंच्या मते तुळजापूरच्या आईने खुर्ची पदरात घेतली होती. द्वारकाबाईंचे म्हणणे, मंगळवारी घरची सून चाकरी मागायला परगावी गेली, ते आईला रुचले नाही. हे बोलताना त्या बोळ्याकडे बघत नव्हत्या. बब्रुवान यांनी जास्त विचार केला होता.

"दादा, ह्यो इशारा हाय," ते म्हणाले. "आई म्हनती, ह्या खुर्चीवर तू बसू नगंस."

"मग कुनी बसावं?"

"ते आईच सांगंल की."

बब्रुवान यांनी हे इतक्या नम्रपणे म्हटले की आईने कोणाचे नाव सांगावे हे त्यांनी ठरवून ठेवले आहे याबद्दल शंका उरली नाही.

हिंमतराव खिडकीशी उभे होते. गावोगावच्या सभांत ते शास्त्रीय दृष्टिकोनावर बोलत. आता त्यांच्या कपाळाला घाम होता, आणि तो पुसायला त्यांनी उचललेला हात मध्येच थांबला. आपला हात आत्ता कपाळाकडे जाणे बरे दिसेल की नाही, असे त्यांना वाटून गेले असावे.

प्रेमाने सांगितले. हळदीवर सोडा पडला की ती लाल होते. आंबट पडले की पुन्हा पिवळी होते. सोड्याची बाटली तिथे आहे. सगळ्यांनी ऐकून घेतले. ऐकून घेण्याचा आणि पटण्याचा त्या घरात संबंध नव्हता, म्हणून ती म्हणाली, "करून दाखवते. लिंबू आणा."

लिंबू नव्हते. लिंबाची झाडे संक्रांतीआधीच वाळली होती. गावात लोक रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या भाकरी खात होते, लिंबू कोण ठेवतो. घरातले एकमेव लिंबू मुख्य दारावर दोऱ्यात ओवून, सात मिरच्यांच्या वर, दृष्ट लागू नये म्हणून टांगलेले होते. ते गेल्याच शनिवारी सोलापुराहून येणाऱ्या ड्रायव्हरकडून मुद्दाम मागवले होते. सगळ्यांचे डोळे तिकडे गेले आणि तिथून परत खाली आले.

"ते न्हाय," पुतळाबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, दुसरं नाही."

"न्हाय म्हनलं ना. उतरलेलं लिंबू घरात घ्यायचं नसतं. आन आज तर न्हायच."

विश्वंभर, प्रेमाचा नवरा, दाराजवळ उभा होता. वडील आणि बायको, आई आणि बायको, काका आणि वडील, अशा कोणत्याही दोन टोकांमध्ये नेमके मधोमध उभे राहायची त्याला सवय होती, आणि उंची भरपूर होती. त्याने कोणाकडे न बघता हात वर केला, दोरा तोडला आणि लिंबू बायकोच्या हातात दिले. लग्न झाल्यापासून त्याने घेतलेली ही पहिली बाजू. तिच्यासाठी त्याला फक्त टाचा उचलाव्या लागल्या.

लिंबू अर्धे सुकले होते. तिने चिरून पिळले तेव्हा चार-सहा थेंबच पडले, पण ते पुरले. थेंब जिथे पडला तिथे तांबडे मागे सरकले आणि हळदीचा पिवळा रंग वर आला. मग कडेकडेने सगळा पट्टा पिवळा झाला.

"आता काकी, तुम्ही," प्रेमा म्हणाली. "तो बोळा उचला. एका कोपऱ्याला लावा."

द्वारकाबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिले. बब्रुवान वर पंख्याकडे बघत होते. मग द्वारकाबाईंनीच बोळा उचलला, सोड्यात बुडवला, टेकला. कोपरा तांबडा झाला. प्रेमाने लिंबाची फोड पुढे केली. द्वारकाबाईंनी ती स्वतःच्या हाताने चोळली. कोपरा पिवळा झाला. त्यांनी कोणी न सांगता पुन्हा सोडा लावला, पुन्हा लिंबू. चेहऱ्यावरची भीती केव्हा गेली हे त्यांनाही कळले नाही. दुधाला उतू जाताना पकडावे तशा त्या कोपऱ्याकडे बघत होत्या.

दोन वेगळ्या हातांनी, एकाच क्रमाने, एकच निष्कर्ष. प्रयोगशाळेत एवढ्यावर प्रयोग संपतो. प्रेमाने पदराला हात पुसले आणि सासूकडे पाहिले.

पुतळाबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता. "शांत झाली," त्या म्हणाल्या. "पोरीच्या हातानं शांत झाली गं माझी आई."

"आत्याबाई, शांत नाही झाली. लिंबाचा रस—"

"रस कुनाच्या हातानं पडला? म्या पिळला असता तर झालं असतं?"

"झालं असतं."

"मग तुला का सुचलं आन मला का न्हाय?" पुतळाबाईंनी तिचा हात धरला, त्यांना खरेच भरून आले होते, आणि म्हणून त्यांच्याशी वाद घालणे अवघड होते. "जिच्या हातात आईनं येवढं दिलंय, तिनं परक्या गावात लोकांची पोरं शिकवाय जायाचं न्हाय. घरातच ऱ्हायचं. शाळंचं आता काढू नगंस."

विज्ञान सिद्ध झाले होते आणि नोकरी गेली होती. आणि दुसरी गोष्ट पहिलीमुळे झाली होती. बोलण्यासारखे जे होते ते प्रेमाने नुकतेच खुर्चीवर करून दाखवले होते.

त्यानंतर हिंमतरावांनी सगळ्यांना बाहेर घालवले. सुनेला तेवढे थांबवले. ते खुर्चीजवळ आले, वाकले, पट्टा जवळून पाहिला. घाम वाळला होता.

"पुन्ना तांबडं होतं?"

"होतं."

"कितीबी येळा?"

"हळद आहे तोवर."

तालुक्यात कारखान्याचे शेअर खपत नव्हते. खडी फोडून आलेल्या माणसापुढे शेअरचे पुस्तक उघडले की तो रस्त्याकडे बघू लागे. हे प्रेमाला माहीत होते. त्यामुळे सासऱ्यांच्या डोळ्यांत तो हिशेब चढताना तिला दिसला. त्यांना रसायन पूर्ण समजले होते. घरातल्या पुरुषांपैकी ते त्यांना एकट्यांनाच समजले होते, आणि समजताच त्याचा उपयोग सापडला होता.

"नानासाहेब जाईस्तवर तांबडं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ते गेले की तू तुज्या शाळंत जा. तुज्या आत्याबाईला मी बघतो."

"मला खोटं बोलता येणार नाही, मामंजी."

"खोटं कोन बोल म्हनतंय? गप ऱ्हा म्हनतोय. गप ऱ्हायला काय बी.एस्सी. लागती व्हय?"

प्रेमाने विचार केला. तिने स्वतःला असे सांगितले की न बोलणे म्हणजे असत्य विधान नव्हे. हे तर्काने बरोबर होते. ते बरोबर असल्याचे तिला बरे वाटले नाही.

"कोणी विचारलं तर मात्र सांगीन," ती म्हणाली.

हिंमतराव हसले. "पुरुषांच्या बैठकीत बाईला कोन इचारतंय? लाव सोडा."

तिने सोडा लावला नाही. बाटली त्यांच्या हातात दिली. हिंमतरावांनी बोळा भिजवला, इकडे-तिकडे पाहिले आणि स्वतःच टेकवला. पट्टा तांबडा झाला तेव्हा, आपणच केलेला असूनही, त्यांनी पटकन हात जोडले.

नानासाहेब चार माणसे घेऊन आले. खुर्चीला हार होता, समोर उदबत्ती, नारळ. पुतळाबाई बाजूला उभ्या होत्या. ती खुर्ची आता बसण्यातून गेली होती. आणि देवीशेजारी मांडीला मांडी लावून बसायचे कसे, म्हणून बाकीचा सोफाही गेला. ज्या बैठकीसाठी तो सोलापुराहून आणला होता, ती बैठक सतरंजीवर झाली. नानासाहेबांना गुडघ्यांचा त्रास होता. ते भिंतीचा आधार घेत, कण्हत खाली बसले आणि त्यांनी त्या पांढऱ्या गाद्यांकडे एकवार आशेने पाहिले.

हिंमतरावांनी सकाळची हकीकत सांगितली. तीत हळद होती, सोडा नव्हता. बब्रुवान यांनी इशाऱ्याचा मुद्दा एकदा काढून पाहिला, पण हकीकतीत आई प्रसन्न झालेली होती, तेव्हा त्यांना जागा मिळाली नाही. नानासाहेबांबरोबरचे एकजण उठून पाया पडले. नानासाहेब बघत होते.

प्रेमा चहाचे ताट घेऊन आली. ती कप ठेवून वळणार तोच ते म्हणाले, "ह्याच न्हवं तुमच्या सायन्सवाल्या सूनबाई? मागं लई सांगत हुता, हिंमतराव, शाळंच्या जागंचं बी." आणि मग, कौतुकानेच, "काय म्हनतंय बाई तुमचं सायन्स ह्याला?"

सगळे हसले. हिंमतरावही हसले, पण त्यांचे हसू सुनेच्या चेहऱ्यापर्यंत आले आणि तिथेच अडकून राहिले. दारात विश्वंभर होता. स्वयंपाकघराच्या पडद्यामागे द्वारकाबाईंचे पाय दिसत होते. प्रेमाला बनसोडे सरांचे कपाट आठवले, आणि सोमवार आठवला. नुसते हसून आत जायला जेमतेम क्षण लागला असता, आणि त्याला कोणी खोटे म्हटले नसते.

"हळदीवर धुण्याचा सोडा पडला की ती लाल होते," ती म्हणाली. "सकाळी तो पडला होता. लिंबू पिळलं की परत पिवळी होते. आम्ही करून बघितलंय."

बाहेर रस्त्यावरचे हातोडे ऐकू येऊ लागले. ते आधीपासूनच वाजत असावेत. पुतळाबाईंनी जमिनीकडे पाहिले.

नानासाहेबांनी बशीतला चहा फुंकला, प्यायला, बशी खाली ठेवली.

"खरं हाय," ते म्हणाले. "आमच्या घरच्या बाया बी लुगडी धुत्यात." ते बरोबरच्या माणसांकडे वळले. "तुमाला पन ठावं हाय, न्हाय का?"

माणसांनी, थोडे ओशाळून, माना हलवल्या. नुकताच पाया पडून आलेल्याने सर्वांत जास्त हलवली.

"आन तरी पाया पडलासा. म्हंजी बगा." नानासाहेब हिंमतरावांना म्हणाले, "मी ह्या तालुक्यात लई वर्सं बघतोय. मानसाला खरं काय ते ठावं असतंय, हिंमतराव. पन खऱ्यावर कुनी शेअर घेत न्हाय. खुर्ची हाय तशी ऱ्हाऊ द्या. मंगळवारी-शुक्रवारी लोक येऊ द्यात दर्शनाला. कारखान्याला आईचं नाव द्या. मुख्य प्रवर्तक तुमीच, ठरलं."

एवढ्या सहज मिळालेल्या गोष्टीत कुठे तरी खोट असणार, असे हिंमतरावांना वाटत असतानाच नानासाहेबांनी प्रेमाकडे बोट केले.

"फकस्त एक. ही पोर हितं ठिवू नगासा. उद्या गावंच्या गावं येत्याल, त्यात एखादा इचारंल, आन ही सांगंल. सांगितल्याबिगर ऱ्हायची न्हाय, मी बघितलं आता. नळदुर्गच्या शाळंत जागा हाय म्हनत हुता न्हवं? मग जाऊ द्या की. लौकर जाऊ द्या. खोली बघून द्या तिकडं, नवऱ्याला बी धाडा."

बब्रुवान म्हणाले, "पन तितं हेडमास्तर बनसोडे—"

"जातपात काय काढतोस, बब्रुवान?" हिंमतराव कडाडले. "कंच्या काळात हाईस?" त्यांचे भाषण त्यांना परत सापडले होते.

पुतळाबाई पुढे आल्या. देवीने जिला हात दिला तिला घराबाहेर कशी धाडायची, एवढेच त्यांनी विचारले. नानासाहेबांनी त्यांना मोठ्या अदबीने सांगितले, की वैनी, आईचं काम झालं; आता लेकराला लोकांचं करू द्या. पुतळाबाईंना हे पटले. सकाळपासून त्यांना जे-जे पटले होते ते सगळे एकमेकांच्या विरुद्ध होते, आणि त्याचा त्यांना काहीच त्रास होत नव्हता.

अशा रीतीने प्रेमाला नोकरीची परवानगी मिळाली. ती खरे बोलली म्हणून मिळाली, हे अक्षरशः बरोबर होते. विश्वंभर दारातून तिच्याकडे बघून हसला. तिनेही हसायचा प्रयत्न केला. आनंद झाला होता, याबद्दल शंका नव्हती. फक्त तो ज्या वाटेने आला होता ती वाट तिने कोणाला सांगितली नसती.

नानासाहेबांची जीप गेली. धूळ खाली बसेपर्यंत हिंमतराव अंगणात उभे राहिले आणि मग आत येऊन पट्ट्यापुढे वाकले.

"हे टिकंल किती?"

"हवेनं उतरत जाईल," प्रेमा म्हणाली. "उन्हाची तिरीप आली तर लवकरच. चार-आठ दिवसांनी नुसता विटका डाग राहील."

"मग तू गेल्यावर कोन बघनार?"

हिंमतरावांनी बायकोकडे पाहिले नाही. पुतळाबाईंना बाटलीचे काम सांगता येण्यासारखे नव्हते. भावाकडे तर मुळीच पाहिले नाही. तेवढ्यात पडदा बाजूला झाला.

"म्या बघते, भाऊजी," द्वारकाबाई म्हणाल्या. "हळद अगुदर, वाळू द्यायची. मग सोडा, पातळ करून. बोळा पिळून टेकवायचा, घासायचा न्हाय. लई वला झाला की पांढऱ्यावर ओघळ येतंय."

घरातले सगळे त्यांच्याकडे वळले. बब्रुवान जास्तच वेळ बघत राहिले. आपल्या बायकोच्या हातात आता भावाच्या खुर्चीची किल्ली आली आहे, हे त्यांच्या हळूहळू लक्षात येत होते, आणि ते मघापेक्षा बरेच शांत दिसू लागले. द्वारकाबाईंनी कोणाकडे लक्ष दिले नाही. त्यांनी कपाटातून बाटली काढली, उजेडात धरून किती उरले ते पाहिले आणि पदराखाली घेतली.

प्रेमा त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेली. तिथे चुलीच्या कडेला एका वाटीत कालवलेली हळद होती आणि शेजारी, धुण्याच्या सोड्याच्या पुडीजवळ, चार चिंध्या. प्रत्येकीवर तांबड्याची वेगळी छटा होती: एक गडद, एक विटकरी, एक फिकी, एक जेमतेम. बैठक चालू असताना पडद्यामागे हे झालेले होते. कोणी सांगितले नव्हते.

"कंची बरी?" द्वारकाबाईंनी विचारले.

प्रेमाने चारही चिंध्या हातात घेतल्या. त्या फेकून द्याव्यात असे तिला क्षणभर वाटले. मग तिने दुसरी उचलून पुढे केली.

"ही. पण काकी, एक आहे. लोक नारळ वाहतील, फुलं वाहतील, चालेल. लिंबू कोणाला वाहू द्यायचं नाही."

"का?"

"तुम्हीच सांगा."

द्वारकाबाई वाटीकडे बघत राहिल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली, ओठ हलले. सोडा, लिंबू, पुन्हा सोडा. मग आठी सुटली.

"कापलेलं असलं, रस पडला, तर पिवळी पडंल."

"बरोबर," प्रेमा म्हणाली.